बुरुड राजाचा कोट : सोपाऱ्याच्या स्तूपातील निक्षेपाचा कालनिर्णय

पालघर जिल्ह्यातील नालासोपारा येथे, रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, जुन्या सोपारे गावाच्या परिसरात विटामातीचे एक टेकाड आहे. गावकरी त्यास पूर्वापार ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले. इ. स. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे उत्खनन केले. टेकाडाच्या गाभ्यात दगडी पेटी व तीत एकात एक बसविलेले करंडक सापडले, आणि लोकांनी ज्याला कोट मानले तो बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. या शोधाचे वर्णन अनेक ग्रंथांत आढळते. मात्र तो निक्षेप एकाच वेळी ठेवला गेला की वेगवेगळ्या काळी, या प्रश्नाचा ऊहापोह त्या मानाने थोडा झाला आहे. या प्रश्नाची मांडणी करणे व त्याचे उत्तर आज कोठे शोधता येईल हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. मृतांचे टेकाड आणि स्तूप

मृताच्या अवशेषांवर मातीची अथवा दगडांची रास रचण्याची चाल अतिप्राचीन आहे. पश्चिम युरोपात नवाश्मयुगीन लोकांनी अशी विशाल थडगी उभारली. आयर्लंडमधील न्यूग्रेंज व इंग्लंडमधील वेस्ट केनेट ही त्यांची सुपरिचित उदाहरणे होत. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची रीत निराळी होती. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने इ. स. १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन लोक मृतांना राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत, आणि लहान मुलांसाठी दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवीत. पुरलेल्या जागेवर डोळ्यांत भरणारी खूण मात्र ते करीत नसत. तशी खूण महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे दिसते ती विदर्भातील लोहयुगीन शिळावर्तुळांत. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इत्यादी ठिकाणी मोठ्या धोंड्यांच्या वर्तुळात दगडमातीचा भराव घालून त्याखाली मृताचे अवशेष, लोखंडी हत्यारे व मातीची भांडी ठेवलेली आढळतात.

स्तूपाची कल्पना याच व्यापक परंपरेतून उगम पावली असावी, असे मानण्यास साहित्यिक आधारही आहे. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात स्मशानाच्या उंचवट्याचा विचार आला असून, चौकोनी उंचवटा करणारे आणि पूर्वेकडील गोल उंचवटा करणारे, असा भेद तेथे केला आहे. पाली महापरिनिब्बान सुत्तात, चक्रवर्ती राजासाठी जसा स्तूप चव्हाट्यावर उभारतात तसाच तथागतासाठी उभारावा, असा विधी सांगितला आहे. स्तूप हा मूलतः अवशेषांवर रचलेला उंचवटा होय, हे यावरून स्पष्ट होते.

असे असले तरी थडगे आणि स्तूप यांत एक महत्त्वाचा भेद आहे व तो पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवला पाहिजे. थडग्याचा संबंध विशिष्ट मृताशी व त्याच्या कुळाशी असतो, आणि ते कूळ नाहीसे झाले की त्याचे प्रयोजन संपते. स्तूपाची पूजा शतकानुशतके चालू राहते. त्यावर नवी वेष्टने चढविली जातात, त्याची डागडुजी होते आणि प्रसंगी त्याचा गाभा उघडून त्यात नवी भर घालून तो पुन्हा बंद केला जातो. म्हणून स्तूपाच्या निक्षेपाचा काळ विचारताना ‘केव्हा ठेवला’ एवढा एकच प्रश्न पुरत नाही. ‘किती वेळा उघडला’ हा दुसरा प्रश्नही विचारावा लागतो.

२. इ. स. १८८२ चे उत्खनन

भगवानलाल इंद्रजी हे मूळचे जुनागढचे. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात त्यांनी लेखविद्या व नाणकशास्त्र यांचे अध्ययन केले. नाणेघाट व नाशिक येथील लेखांच्या वाचनामुळे पश्चिम भारताच्या इतिहाससंशोधनात त्यांचे स्थान अढळ झाले आहे. त्या सुमारास जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे काम चालू होते व ठाणे जिल्ह्याच्या खंडासाठी सोपाऱ्याची माहिती हवी होती. उत्खननास ही पार्श्वभूमी होती. त्याचा वृत्तांत पुढे भगवानलालांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

टेकाडाच्या मध्यातून खाली खणत गेल्यावर विटांनी बांधलेली एक लहान कोठी लागली. तीत झाकणासह घडविलेली गोल दगडी पेटी होती. पेटीच्या मध्यभागी तांब्याचा करंडक ठेवलेला होता व त्याच्या सभोवती ब्राँझच्या आठ लहान बैठ्या मूर्ती मांडल्या होत्या. विपश्यीपासून शाक्यमुनीपर्यंतचे सात मानुषी बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय अशी त्यांची ओळख पटते. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या करंडकात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या करंडकात सोन्याचा, असा क्रम होता. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे निघाले. यांखेरीज सोन्याच्या पातळ पत्र्याची पुष्कळ फुले व सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याचे एक चांदीचे नाणे मिळाले.

सोन्याच्या करंडकात जपून ठेवलेली ती खापरे बुद्धाच्या भिक्षापात्राचे अंश म्हणून तेथे ठेवली गेली असावीत, असा तर्क भगवानलालांनी केला. तो तर्क वाजवी आहे. बौद्ध परंपरेत शरीरधातूंप्रमाणेच बुद्धाने वापरलेल्या वस्तूही पूज्य मानल्या जातात व त्यांत भिक्षापात्राचे स्थान मोठे आहे. ते तुकडे खरोखर बुद्धाच्या पात्राचे होते की नाही, हा इतिहासाच्या कक्षेतला प्रश्न नव्हे. ते ठेवणाऱ्यांनी त्यांना सोन्याहून मोलवान मानले, एवढे मात्र मांडणीवरून निर्विवाद ठरते.

उत्खननातील वस्तू सरकारने मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या स्वाधीन केल्या व तेव्हापासून त्या टाउन हॉलमधील सोसायटीच्या संग्रहात आहेत. अशा रीतीने टेकाड सोपाऱ्यास राहिले आणि त्याचा गाभा मुंबईस गेला.

३. कालनिर्णयातील अडचण

या निक्षेपात ज्यांच्यावरून काळ ठरविता येईल अशा वस्तू दोन प्रकारच्या आहेत. पहिली वस्तू म्हणजे नाणे. यज्ञ सातकर्णीचा काळ इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात येतो. राजाचे मुख असलेली चांदीची नाणी सातवाहनांनी क्षत्रपांच्या नाण्यांच्या धर्तीवर पाडली. म्हणून क्षत्रपांशी ज्या किनाऱ्यासाठी त्यांचा दीर्घकाळ झगडा चालला, त्याच किनाऱ्यावर असे नाणे मिळावे हे स्वाभाविकच आहे. दुसऱ्या प्रकारात ब्राँझच्या मूर्ती येतात. त्यांची घडण पाहता त्या इ. स. च्या आठव्या-नवव्या शतकातील ठरतात. म्हणजे एकाच पेटीत सुमारे सहाशे वर्षांच्या अंतराच्या वस्तू एकत्र आल्या आहेत.

या विसंगतीचा उलगडा तीन प्रकारे करता येतो. पहिली उपपत्ती अशी की, स्तूप मूळचा मौर्यकालीन असून यज्ञ सातकर्णीच्या काळी तो एकदा व आठव्या-नवव्या शतकात पुन्हा एकदा उघडला गेला. दुसऱ्या उपपत्तीनुसार पेटी व करंडक प्रथम दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ठेवले गेले आणि मूर्ती नंतरच्या जीर्णोद्धाराच्या वेळी मांडल्या गेल्या. तिसरी उपपत्ती अशी की, संपूर्ण मांडणी आठव्या-नवव्या शतकातीलच आहे, आणि करंडक, खापरे व नाणे या जुन्या वस्तू अन्य ठिकाणाहून आणून तीत समाविष्ट केल्या.

पहिल्या उपपत्तीस सोपाऱ्याच्या अशोककालीन महत्त्वाचा आधार दिला जातो. इ. स. १८८२ मध्येच भगवानलालांना भातेला तलावाजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि इ. स. १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला. आठव्या लेखात राजाने मृगयेच्या विहारयात्रा सोडून धर्मयात्रा आरंभिल्याचे सांगितले आहे, तर नवव्यात रूढ मंगलविधींपेक्षा धर्ममंगल श्रेष्ठ असल्याचे प्रतिपादन आहे. चौदा शिलालेखांची मालिका सोपाऱ्यास कोरली गेली होती, हे या दोन तुकड्यांवरून दिसते. तथापि यावरून सिद्ध होते ते नगराचे महत्त्व. टेकाडाच्या विटा अशोकाच्या काळी रचल्या गेल्या, असे त्यावरून म्हणता येत नाही. स्तूप अशोकाने बांधला हे विधान अनेकदा निश्चयपूर्वक केले जाते. त्यास गाभ्यातील एकाही वस्तूचा पुरावा नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

नाण्याच्या साक्षीचा अर्थही काटेकोरपणे घ्यावयास हवा. नाणे निक्षेपाच्या काळाची पूर्वमर्यादा देते. त्या राजाच्या आधी ते पेटीत पडू शकत नाही, एवढेच त्यावरून ठरते. त्यानंतर किती वर्षांनी ते ठेवले गेले, हे नाणे सांगू शकत नाही. मूर्तींनाही हाच न्याय लागू होतो. पेटी शेवटची बंद झाली ती मूर्ती घडविल्यानंतर, हे निश्चित होय. त्यापूर्वीचा क्रम वस्तूंच्या केवळ परीक्षणाने ठरणारा नव्हे. त्यासाठी कोठीच्या वरच्या भरावाचा छेद हवा. वरून पुन्हा खणून नंतर बुजविलेल्या खड्ड्याची माती व विटा मूळ बांधणीहून वेगळ्या दिसतात. कोठीच्या भिंती एकाच मापाच्या विटांच्या आहेत की मागाहून दुरुस्त केलेल्या, हेही पाहता येते. दुर्दैवाने इ. स. १८८२ मध्ये मध्यभागी जो खड्डा घेतला गेला, त्याच्याच वाटेत हा पुरावा होता.

याचा दोष भगवानलालांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. स्तरक्रमाची नोंद करून उत्खनन करण्याची पद्धत तेव्हा भारतात रूढ झालेली नव्हती. कनिंगहॅम व मेझी यांनी इ. स. १८५१ मध्ये सांचीचे स्तूप अशाच रीतीने उघडले होते. वस्तूंचा क्रम व मांडणी भगवानलालांनी नोंदवून ठेवली नसती, तर वरील तीन उपपत्ती मांडणेही शक्य झाले नसते.

४. तुलनेसाठी तीन स्थळे

सोपाऱ्याचा प्रश्न एकाकी नाही. अन्यत्र काय आढळले हे पाहिल्यास येथे काय शोधावे, हे कळून येते.

बिहारमधील वैशाली येथे इ. स. १९५८ च्या सुमारास काशीप्रसाद जयस्वाल संशोधन संस्थेच्या वतीने डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी एका लहान स्तूपाचे उत्खनन केले. मूळ स्तूप मातीच्या थरांचा असून त्याची पुढे विटांनी वेळोवेळी वाढ केलेली होती. महत्त्वाची गोष्ट अशी की, गाभ्यापर्यंत जाणारा एक प्राचीन खणलेला चर या मातीच्या थरांत ओळखता आला. म्हणजे स्तूप प्राचीन काळीच उघडला गेला होता, हे भरावाने सांगितले. करंडकाकडे पाहून ते समजले नसते.

उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे इ. स. १८९८ मध्ये पेपे नावाच्या जमीनदाराने स्तूप खणून मोठी दगडी पेटी व करंडक मिळविले. त्या स्तूपात आणखी काही उरले नाही, अशी समजूत पाऊणशे वर्षे टिकली. परंतु इ. स. १९७१ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. एम. श्रीवास्तव यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले, तेव्हा पहिल्या पेटीच्याही खालच्या पातळीवर विटांच्या कोठ्या व अधिक जुने करंडक सापडले. एकदा खणलेले टेकाड रिते झाले असे मानणे किती घाईचे असते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

तिसरे स्थळ गुजरातमधील देवनी मोरी हे होय. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वतीने इ. स. १९६० नंतर तेथील स्तूपाचे पद्धतशीर उत्खनन झाले. करंडकावरील लेखात वर्षाचा अंकही आहे. असे असूनही त्या वर्षाची गणना कोणत्या शकाने करावी, याविषयी मतभेद आहेतच. पुढे ते स्थळ मेश्वो नदीवरील धरणाच्या जलाशयाखाली गेले. आज तेथे नवा प्रश्न घेऊन जाणे शक्य नाही. सोपाऱ्याची स्थिती याहून वेगळी आहे. तेथील टेकाड अद्याप उभे आहे.

५. नगराची साक्ष

टेकाडाचा विचार नगरापासून अलग करता येत नाही. शूर्पारक, सोपारग, सुप्पारक अशा विविध रूपांनी हे नाव प्राचीन वाङ्मयात व लेखांत येते. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सुप्पारा हे किनाऱ्यावरील पेठांत गणले आहे. टॉलेमीच्या भूगोलातही ते आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात शोर्पारग येथे केलेल्या दानधर्माचा उल्लेख सापडतो. ‘दिव्यावदाना’तील पूर्ण नावाचा व्यापारी येथलाच असून, त्याने बुद्धासाठी चंदनाचा प्रासाद उभारल्याची कथा प्रसिद्ध आहे.

निक्षेपाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय उल्लेख कार्ल्याच्या चैत्यगृहात आढळतो. तेथील एक स्तंभ सोपाऱ्याहून आलेल्या धर्मोत्तरीय पंथाच्या सातिमित नामक भाणकाने, म्हणजे धर्मग्रंथांचे पठन करणाऱ्या भिक्षूने, दान दिला असून तो स्तंभ ‘शरीरासह’, म्हणजे धातूसह असल्याचे लेखात म्हटले आहे. सोपाऱ्याचा भिक्षू दूर घाटमाथ्यावर धातूयुक्त स्तंभाचे दान करतो, यावरून धातुपूजेची परंपरा यज्ञ सातकर्णीच्या पूर्वीच सोपाऱ्याच्या संघात रुजलेली होती असे दिसते. यामुळे दुसऱ्या उपपत्तीस, म्हणजे करंडक प्राचीन व मूर्ती मागाहून ठेवलेल्या या मतास, काहीसे बळ मिळते. अखेरचा निर्णय मात्र यावरून होत नाही.

आठव्या-नवव्या शतकात या मूर्ती कोणी मांडल्या असाव्यात, याचाही विचार झाला पाहिजे. जवळच्या कान्हेरीत त्या काळी बौद्ध संघ नांदत होता व नवव्या शतकात राष्ट्रकूटांच्या व शिलाहारांच्या अमदानीत त्याला दाने मिळत होती, हे तेथील लेखांवरून कळते. सातवाहनांच्या ऱ्हासानंतर सोपाऱ्याचे बौद्धजीवन संपले, असे समजण्याचे कारण नाही. पेटीतील मूर्ती हाच त्याचा पुरावा होय. त्यानंतर केव्हातरी पूजा थांबली, स्मृती पुसली गेली आणि स्तूपास बुरुड राजाचा कोट हे नाव पडले. या नावात बुद्धाचाही निर्देश नाही आणि अवशेषांचाही नाही. लोकांना आठवला तो एक राजा व एक कोट. स्थळनामांवरून इतिहास काढू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण नित्य स्मरणात ठेवावे.

६. संरक्षणाचा अर्थ

ज्या वर्षी सोपाऱ्याचा गाभा उघडला गेला, त्याच वर्षी, म्हणजे इ. स. १८८२ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा केला. त्याच्या मूळ यादीत वेस्ट केनेटचे नवाश्मयुगीन थडगे होते. त्या थडग्याचा इतिहासही बोधप्रद आहे. इ. स. १८५९ मध्ये थर्नम यांनी त्याचा काही भाग खणला होता. पिगट व अॅटकिन्सन यांनी इ. स. १९५५-५६ मध्ये तेथे पुन्हा उत्खनन केले, तेव्हा पूर्वी नजरेतून सुटलेल्या कोठड्या अस्पर्श स्थितीत मिळाल्या. कायद्याने राखलेल्या स्थळी पुढील पिढीच्या अभ्यासकांना अधिक चांगली साधने घेऊन परतता आले.

भारतात असा कायदा इ. स. १९०४ मध्ये झाला, आणि त्याची जागा पुढे इ. स. १९५८ च्या अधिनियमाने घेतली. सोपाऱ्याचा स्तूप केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. इ. स. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांपर्यंतचे क्षेत्र प्रतिषिद्ध व त्यापुढील २०० मीटरांचे क्षेत्र विनियमित मानले जाते. इ. स. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. मुंबईच्या या उत्तरेकडील उपनगरात शेतीवाडीची जमीन झपाट्याने इमारतींखाली गेली आहे. अशा ठिकाणी ही ३०० मीटरांची कक्षा फार महत्त्वाची ठरते. स्तूप एकटा उभा नसतो. त्याच्या आसपास लहान स्तूप, विहार, विहिरी, वाटा असतात. इ. स. १९९३ मध्ये भातेला तलाव व चक्रेश्वर मंदिर यांच्या दरम्यान झालेल्या उत्खननात कड्यांच्या विहिरीसारखे नगरवस्तीचे अवशेष मिळाले. जमिनीखाली अद्याप पुष्कळ शिल्लक आहे, हे त्यावरून दिसते.

यास आणखी एक बाजू आहे. इ. स. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रात बौद्ध समाज पुन्हा उभा राहिला आणि शतकानुशतके विस्मृत झालेला हा स्तूप पुन्हा वंदनीय झाला. बुद्धपौर्णिमेस येथे उपासक जमतात. टेकाड आज पुराव्याचे स्थान आहे तसे श्रद्धेचेही आहे. दोन्ही दृष्टींनी त्याची अखंडता राखणे इष्ट होय.

७. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. निक्षेपाची अखेरची मांडणी आठव्या शतकापूर्वीची नाही. नाणे दुसऱ्या शतकाची पूर्वमर्यादा देते. मौर्यकालीन बांधणी हे आज अनुमानच आहे. पेटी किती वेळा उघडली, हा प्रश्न खुला आहे.

तो सोडविण्याचे मार्ग मात्र बंद झालेले नाहीत. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातील खापरे, करंडक व मूर्ती यांचे धातू व मृत्तिका यांच्या दृष्टीने परीक्षण होऊ शकते. तेरा खापरे एकाच भांड्याची आहेत काय व ती माती कोकणातील आहे की दुसऱ्या प्रदेशातील, एवढे समजले तरी तिसऱ्या उपपत्तीचा विचार पुढे सरकेल. टेकाडात इ. स. १८८२ च्या खड्ड्याबाहेरचा भाग शिल्लक आहे. त्यातील विटांची मापे व तापदीप्तीने होणारा कालनिर्णय यांवरून बांधणीचे टप्पे ठरविता येतील. खड्ड्याच्या तळाखाली काय आहे, हे पिप्रहवाच्या अनुभवानंतर पाहणे अगत्याचे आहे. यांपैकी पहिले काम मुंबईत व दुसरे सोपाऱ्यास करावयाचे आहे. इ. स. १८८२ मध्ये विलग झालेल्या टेकाडाचा व त्याच्या गाभ्याचा अभ्यास एकत्रितपणे झाल्याखेरीज या स्तूपाचा कालनिर्णय पूर्ण होणार नाही.